नवरीच्या गळ्यातली काळी रेघ

रुखवतातल्या बाहुल्यांना रंग कुणीही देईल, काळी रेघ मात्र मीच ओढते. आमच्या मानवत गावात कुणाच्या घरी लग्न निघालं की बायका आमच्या दारात येतात. बोटभर उंचीची नवरी, नवरदेव, करवल्या, बँडवाले. प्लास्टरच्या साच्यातून निघतात तेव्हा सगळ्यांची तोंडं सारखीच भोळसट. शून्य नंबरच्या ब्रशनं डोळ्यांभोवती, बोटांमधून, पदराच्या काठाला काळी रेघ फिरली की माणूस उभा राहतो. तेवढा वेळ माझ्याशी कुणी बोललेलं मला खपत नाही.

धाकट्या बहिणीच्या लग्नात मी अख्खी वरात केली. पाथरीला तिच्या सासरी ती वरात काचेच्या कपाटात बसली. सासूला त्या बाहुल्यांचं भारी कौतुक, आल्यागेल्याला दाखवायची. म्हणून बाहुली फुटली की जावई स्वतः मोटारसायकलवर घेऊन यायचा.

"अक्का, मांजरानं पाडली बघा," म्हणत पिशवीतून तुकडे काढायचा. आई "बसा जावईबापू" म्हणून खुर्ची पुढं करायची.

कधी करवली, कधी नवरीची आई. मांजर फक्त बायकाच पाडायचं. फोनवर विचारलं तर बहीण म्हणायची, "मांजरच हाय ताई. लय वांड हाय." माझं डोकं सणकायचं. मांजर काचेचं दार उघडतं होय? पण तीच कबूल होत नव्हती, तर मी कुणाचं नरडं धरणार?

मग एकदा नवरी आली, मान तुटलेली. मान चिकटवली, पण तडा दिसत राहिला. त्यावर मी मंगळसूत्राचे काळे मणी दाट काढले. तडा झाकला गेला. जावई खूश होऊन, चहा पिऊन गेला.

यंदा पोळ्याच्या तोंडावर मी मातीच्या बैलांचे डोळे रेखत बसले होते. दुपारच्या एसटीनं बहीण एकटीच आली. ओठ फाटलेला. पदराच्या गाठीत नवरदेव होता, डोक्याचा पार भुगा झालेला.

"मांजरानं पाडला," ती म्हणाली आणि हसायलाच लागली.

"अन् त्यानं तुला?"

"त्याचं बी फोडलं डोकं. वरवंटा घातला. दवाखान्यात टाके घालून घ्यायलाय."

मला इतका आनंद झाला की मी तिला मिठी मारली. ती कळवळली. आईनं मात्र कपाळाला हात लावला. "काय करून बसलीस गं! नवरदेव नीट करून दे हिला, अन् उद्या सोडून ये," ती मला म्हणाली.

"आता गेले तर मारूनच टाकील मला," बहीण म्हणाली.

"असं बोलू न्हाई," आई म्हणाली.

बहिणीनं पदर खाली घेतला. गळ्याभोवती दोन्हीकडून बोटं उमटली होती, काळीनिळी. मंगळसूत्राखाली ती लपत नव्हती. मी बाहुलीच्या मानेवर मणी काढले होते, अगदी तिथंच. माझ्या अंगाची लाही लाही झाली. आईनं हात लावून बघितलं. नवरदेवाचे तुकडे उचलून तिनं खलबत्त्यात टाकले आणि कुटत बसली.

संध्याकाळी मोटारसायकल वाजली. डोक्याला पट्टी, हातात काठी, तोंडात शिव्या.

"भाईर काढा तिला! आज जित्ती ठिवत न्हाई!"

ओसरीवर वाळत ठेवलेले बैल त्यानं तुडवले. मी दारात आडवी आले तशी काठी माझ्या रेघ ओढायच्या हातावर बसली. मनगट कडकन वाजलं. मी दुसऱ्या हातानं त्याची पट्टी ओरबाडली. रक्ताचा ओघळ त्याच्या डोळ्यात उतरला, तरी तो मला ढकलून आत घुसायलाच बघत होता.

तेवढ्यात मागून आई आली. खलातला पांढरा चुरा तिनं त्याच्या तोंडावर फेकला आणि बत्ता गुडघ्यावर घातला. तो ओरडत खाली बसला. लग्नापासून त्याला अहोजाहो करणारी माझी आई त्याच्या डोक्याशी उभी राहिली.

"घे तुहा नवरदेव," ती म्हणाली. "पुन्हा ह्या दारात आलास तर तुहं बी असंच पीठ करीन."