पहिले घड्याळ, मग लेकरू

"पहिले घड्याळ पाहा पोरी, मंग लेकरू." असं म्हणताना काका स्वतःच्या मनगटावर दोनदा बोट आपटायचे, टकटक. हातात घड्याळ नसायचंच.

तुमच्या जिन्यात पण असेल असा एखादा माणूस, न बोलावता सगळ्यांच्या वायरी नीट करणारा. आमचे काका अमरावतीकडचे, सरकारी ऑफिसात कॉम्प्युटर बघायचे, लक्ष्मीबाई नगरात आमच्याच जिन्यात तळमजल्यावर राहायचे. आम्ही तिसऱ्यावर. चार घरांत मिळून एकच नेट, ते पण रखडत चालायचं, म्हणून त्यांनी जिन्याबाहेर आमच्या बाल्कनीखालच्या मीटरच्या कपाटात एक काळा डबा बसवला.

"फोनमध्ये काय करायचं काका?"

"काहीच नाही. फोनला पत्ताच लागत नाही. त्याला वाटते मी सरळ बाहेर बोलून राहिलो. मधात हा बसला आहे. एकानं नेटवरून मागितलेलं पान, फोटो हा ठेवून घेते, दुसऱ्यानं मागितलं का तेच काढून देते. चक्कर वाचते."

"म्हणजे मध्ये बसून ऐकतो आपलं?"

"ऐकत नाही वं. फक्त लक्षात ठेवते."

मला तर अजूनच भीती वाटली.

तेव्हा बाळ नुकतं रांगायला लागलेलं, आणि आमच्या बाल्कनीचे गज एवढे लांब लांब की त्याचं अख्खं अंग मधून जाईल. म्हणून ह्यांनी स्वस्तातला कॅमेरा आणला. तो फोटो कुठल्यातरी वेबसाईटवर पाठवायचा, मी काम करता करता फोनवर बघायचे. काकांनी डब्याला बजावून ठेवलं, ह्या लेकराचा फोटो ठेवायचा नाही, दरवेळी ताजा आणायचा. तरी त्यांनी गादीमागच्या भिंतीवर मोठं घड्याळ ठोकलं, फोटोत दिसेल असं, म्हणजे फोटो ताजा की मघाचाच ते काट्यांवरून कळेल.

पण लाईट गेली की डबा नेमकं तेवढंच विसरायचा. मग काका धापा टाकत तीन मजले चढायचे, दार दोनदा वाजवायचे. "विसरला होता लेकाचा. पुन्हा सांगून आलो."

"एकदाच कायमचं सांगा ना त्याला!"

"सांगतो ना रविवारी. मंग मले वरती चहा कोन देईल?"

फेब्रुवारीत काका ऑफिसात खुर्चीतच गेले. काकू सामान घेऊन गावी गेल्या. डबा तिथेच राहिला, त्याला हात लावायची कुणाची हिंमत नाही.

मे महिन्यात एक दिवस सकाळी लाईट गेली, आली. दार वाजलं नाही. माझ्या ध्यानातच आलं नाही. मी फोनवर बघितलं, बाळ लाल दुपटं पांघरून झोपलेलं. नंतर त्याने दुपटं ओलं केलं, मी ते धुतलं, त्याला परत झोपवलं आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. दर दोन कपड्यांमागे फोन बघत होते. झोपलंय. झोपलंय. बिल्कुल हलत नाही.

मग मी दोरीवर ते लाल दुपटं टाकलं. पाणी टपकत होतं त्यातून. आणि फोनमध्ये तेच दुपटं बाळाच्या अंगावर.

  तेव्हा कानाशी टकटक झालं, दोनदा, देवाशपथ झालं, आणि मी फोटोतलं घड्याळ बघितलं. नऊ वाजून दहा मिनिटं. ऊन तर डोक्यावर आलेलं.

कशी उतरले ते आठवत नाही. गादी रिकामी. बाळ बाल्कनीत, दोन्ही पाय गजांच्या बाहेर, पोट आत, एका हाताने गज धरलेला. मी मागून काखेत धरून ओढलं तर ते हसत होतं, खाली बघून. खाली कुणीच नव्हतं, नुसतं मीटरचं कपाट आणि त्याच्या फटीतून हिरवा दिवा.

आता गजांना जाळी लावलीय, कॅमेरा काढून टाकलाय. पण नेट अडकलं की काकांनी बनवलेलं एक पान अजून आपोआप फोनवर येतं. त्यावर एवढंच असतं, "थांबा. मी पाहून राहिलो."

मी फोन पालथा ठेवते आणि उठून बाळाला डोळ्यांनी बघून येते. येताना दार उघडून जिन्यात पण बघते.