बाजाराचा दुसरा दिवस

त्या हिवाळ्यात मी ओळीने चार सोमवार पहिल्या एसटीने धुळ्याहून निघाले आणि चारही सोमवार हात हलवत परत आले. जायचं होतं अमळनेरच्या वाटेवरच्या एका बाजाराच्या गावी, तिथल्या जिनात. जीन म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. दिवाळीनंतर सुरू व्हायचा, उन्हाळ्यात थांबायचा, आणि मधले सहा महिने आत काम करणाऱ्या बायकांच्या पापण्यांवरसुद्धा रुई बसलेली असायची.

मी धुळ्याच्या कॉलेजात नुकतीच डॉक्टर म्हणून लागले होते. आमचा विभाग गोळ्या देणारा नव्हता, आजार मुळात येतो कुठून हे शोधणारा होता. त्यामुळे बाकीचे डॉक्टर आम्हाला जरा कमीच धरायचे, आणि मला त्याचा फार राग यायचा. काहीतरी करून दाखवायचंच, असं डोक्यात घेऊन मी कापसाच्या धुळीचा विषय निवडला. पुस्तकात लिहिलं होतं की कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्याची छाती आठवड्याची सुटी संपवून आलेल्या दिवशी आवळते, आणि पुढच्या दिवसांत हळूहळू मोकळी होते. तो दिवस सोमवार, असंही लिहिलं होतं. मी त्या ओळीखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली होती.

शेठ भला दिसणारा माणूस होता. "या, तपासा, आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही," म्हणाला. आत दोन ओळींत यंत्रं, प्रत्येकीपुढे एक बाई उभी, ओंजळीने कापूस आत ढकलणारी. भिंतीत वर झरोके होते, पण रुई उडून अंगणात जाते म्हणून ते पत्रे ठोकून बंद केलेले. संध्याकाळी सुटताना मुकादम प्रत्येकीच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. गुळाने घशातली धूळ उतरते, असं सगळ्यांनाच वाटायचं. मीही शिकत असताना ते खरं मानत होते, हे आता सांगायला हरकत नाही.

माझ्याजवळ श्वासाचा जोर मोजायचं एक छोटं नळीसारखं यंत्र होतं. त्यात जोरात फुंकलं की काटा पुढे सरकतो. बायकांनी ते पाहिलं आणि लगेच त्याचं नाव फुंकणी ठेवलं. मग सगळ्यांनी ते चुलीसमोर बसल्यासारखं फुंकलं. लांब, संथ, डोळे अर्धे मिटून. काटा जागचा हलेना. मला एकदम झटका हवा होता. "दिवा विझवता तशी फुंकर मारा," मी म्हटलं, तर सगळ्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"दिवा फुकीसन कोनी इझाडस का, बाई?" पुढच्या यंत्रावरची अक्का म्हणाली.

ही अक्का पंचेचाळिशीची, उंच, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. बारा हंगाम तिने त्याच यंत्रावर काढले होते. तिनेच मला वाचवलं. तळहातावर भाजलेले शेंगदाणे चोळून टरफलं उडवतो तशी फुंकर मारून दाखवली आणि बाकीच्यांना म्हणाली, हे असं. त्यानंतर काटे नीट पळायला लागले. मला वाटलं, आता गड सर झाला.

पण कसलं काय. चार सोमवार सकाळी कामाआधी मोजलं, संध्याकाळी काम सुटल्यावर मोजलं, काटा जिथल्या तिथे. छाती आवळते का विचारलं तर बायका म्हणायच्या, आज नाही. मी 'आज' हा शब्द ऐकलाच नाही. 'नाही' तेवढं लिहून घेतलं. आमच्या विभागाचे सर म्हणाले, "आजार आढळला नाही, हाही निष्कर्षच असतो. लिहून टाक आणि दुसरा विषय घे." शेठनेही विचारलं, तेव्हा मी चष्मा वर सरकवत मोठ्या रुबाबात सांगितलं, "तुमच्या बायकांच्या छात्या उत्तम आहेत." हे वाक्य आठवलं की अजूनही माझे कान तापतात.

पाचव्या सोमवारी मी फक्त निरोप घ्यायला गेले. अक्काने मला अंगणातल्या हौदापाशी गाठलं. रागावलेली नव्हती, तेच जास्त लागलं.

"बाई, तुम्ही चांगल्या शेतस," ती म्हणाली, "पन तुम्हना शब्दनी मना घात करा."

गोष्ट अशी होती की ती काही दिवस यंत्र सोडून मध्येच दाराशी जाऊन बसायची. दम लागतो म्हणायची. मुकादमाने ते शेठच्या कानावर घातलं होतं. आणि शेठने माझंच वाक्य पुढे केलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणतात छाती उत्तम आहे, मग ही बसते का? कामचुकार आहे. आणखी एकदा बसली तर नाव काढून टाक. घरी तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला. हंगामाचे सहा महिने तिच्याच हातावर घर चाले.

"पण अक्का, तुम्हीच तर मला नाही म्हणालात," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. चूक स्वतःची असली की माझा आवाज नेहमी चढतो.

"तुम्ही सोमवारलेच काब्र येतस? सोमवारले माले काहीच व्हत नही. गुरुवारले बाजार, जीन बंद. शुक्रवारले कामवर उनू का छातीवर पाटा ठेवेल सारखं वाटस. शनिवारले हलकं. सोमवारलोंग बठ्ठं बरं. बठ्ठ्यास्ले इचारा."

सोमवारपर्यंत सगळं बरं होतं, हवं तर सगळ्यांना विचारा, असं ती म्हणत होती. गावाचा आठवडी बाजार गुरुवारी, म्हणून जिनाची सुटी गुरुवारी. रविवारी जीन चालू. रविवारी सुटी असते ती कॉलेजला, कचेरीला आणि ज्या देशात ते पुस्तक लिहिलं त्या देशाला. मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली मुलगी. माझ्या वडिलांची सुटी वर्षानुवर्षं मंगळवारी असायची आणि आमच्या घरी पुरणपोळीसुद्धा मंगळवारी व्हायची. सगळ्या जगात मला तरी हे कळायला हवं होतं. पण पुस्तकातल्या सोमवाराखाली मी लाल रेघ मारली होती ना.

धुळ्याला पोचल्या पोचल्या सरांच्या खोलीत गेले. सर सज्जन, पण एकदा मिटलेली फाइल उघडायची म्हटलं की त्यांच्या पोटात दुखायचं. "शुक्रवारी तुझे तास आहेत," ते म्हणाले. मी म्हटलं, शेजारच्या विभागातल्या डॉक्टरांनी घेतलेत, बदल्यात त्यांच्या दोन रविवारच्या ड्युट्या मी घेतल्यात. "आणि पुन्हा काही निघालं नाही तर?" मी म्हटलं, तर मी त्या बाईच्या पायावर डोकं ठेवून येईन. सरांनी मिटलेली फाइल माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "जा."

या वेळी मी एकच गोष्ट शहाणपणाने केली. यंत्रावरच्या बायकांबरोबर बाहेर अंगणातल्या बायकांनाही फुंकायला बसवलं. त्या उघड्यावर बसून कापसातला काडीकचरा वेचायच्या. त्याच गावच्या, त्याच वयाच्या, गुरुवारी त्याच बाजारात गेलेल्या. शुक्रवारी सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांचे काटे लिहून घेतले. अक्काने फुंकलं आणि मान न वळवता आत गेली.

दुपारपर्यंत ती बसली नाही. मी दाराबाहेर वही धरून उभी होते आणि आतून तिचा खोकला ऐकत होते. दुपारच्या भाकरीनंतर ती एकदा यंत्राला टेकली. मुकादम गेटपाशी खुर्चीत होता, तिथून मला म्हणाला, "बाजारमा भजी खातस, मंग दुसरा दिन दम लागस यास्ले." मी ते तसंच वहीत लिहून घेतलं. चारच्या सुमारास अक्का बाहेर आली आणि दाराशी खाली बसली. ओठ निळसर, खांदे वर ओढलेले. मुकादम उठला आणि शेठला बोलावून घेऊन आला.

काम सुटायला वेळ होता, पण मी तिथेच फुंकणी तिच्या हातात दिली. तिने फुंकलं. सकाळी काटा जिथे पोचला होता त्याच्या कितीतरी अलीकडे थांबला. पुन्हा फुंकायला लावलं. तेच. मग शेठसमोरच एकेक यंत्रावरची बाई बाहेर बोलावली. दुसरी, तिसरी, पाचवी. काटे खाली, खाली, खाली. मी सकाळच्या आकड्यांसमोर नवे आकडे लिहीत गेले.

"बाजारातलं तेलकट बाधलं असेल," शेठ म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"मग हे बघा," मी म्हटलं आणि अंगणातल्या बायकांना ओळीने उभं केलं. भजी त्यांनीही खाल्ली होती, आणि एकीने तर दोनदा खाल्ल्याचं सगळ्यांसमोर कबूल केलं. त्यांचे काटे सकाळी होते तिथेच. शेठने वही माझ्या हातातून घेतली आणि दोन्ही पानं उभ्या उभ्या वाचली. पुन्हा वाचली. मला त्या क्षणी इतका आनंद झाला होता की लाज वाटावी, कारण समोर एक बाई श्वासासाठी झगडत होती. पण झाला होता, खोटं कशाला बोलू.

"मी म्हटलं होतं छात्या उत्तम आहेत. ते चुकीचं होतं. चूक माझी होती," मी शेठला सांगितलं. "या बाईची नव्हती."

शेठने वही मला परत दिली. मग त्याने मुकादमाला सांगितलं, हिचं नाव राहू दे, उद्यापासून हिला अंगणात बसव, रोजी तीच. आणि वर झरोक्यांकडे बोट करून विचारलं, "ते उघडले तर?" मी म्हटलं, उघडा, आणि धूळ ओढून बाहेर टाकणारे पंखेही बसवा. रुई थोडी उडेल. तो म्हणाला, "उडू दे." त्या रात्री माझी एसटी चुकली आणि अक्काने मला घरी नेऊन बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढला. इतकी चव मी फार थोड्या जेवणांत पाहिली आहे.

पुढच्या हंगामात पंखे बसले. मी ओळीने सहा शुक्रवार गेले. यंत्रावरच्या बायकांचे काटे आता संध्याकाळीही फारसे ढळत नव्हते. सर एकदा स्वतः आले, एकेकीला फुंकताना पाहत राहिले आणि परतीच्या एसटीत म्हणाले, "आपल्या पुस्तकातला सोमवार खोडून टाक." अंगणात बसून अक्काची छाती पूर्ण बरी झाली नव्हती. बारा हंगामांची धूळ अशी निघत नाही. पण ती आता बसून काम करायची, खोकला उतरला होता, आणि नव्या बायकांना फुंकायला शिकवायचं काम तिने आपणहून घेतलं होतं.

सहाव्या शुक्रवारी सगळ्या फुंकून झाल्यावर मुकादम गेटपाशी उभा होता. बायका जायला लागल्या तरी हलेना. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "माले बी फुकू द्या."

त्याने फुंकलं. काटा कसाबसा सरकला. अक्कापेक्षाही कमी. "पंधरा वरीस व्हयनात," तो खाली बघत म्हणाला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की शुक्रवारी तो गेटपाशी खुर्चीत का बसून असायचा. आत फेरी मारायला त्याला दम पुरत नव्हता. स्वतःचं कुणाला कळू नये म्हणून तो बसणाऱ्या बाईला कामचुकार म्हणत आला होता.

मी अक्काकडे पाहिलं. तिच्या तोंडून काय निघेल याची मला भीती वाटली. तिने त्याच्या हातातून फुंकणी घेतली, पदराने पुसली आणि माझ्या वहीकडे बोट केलं.

"यासनं बी नाव लिखी ल्या, बाई," ती म्हणाली. "उद्यापासून यास्ले बी अंगनमा बसाडा."

मी तिच्या नावाखाली त्याचं नाव लिहिलं.