केसरबाईंनी काढलेली कडी

आमची शाळा गारखेड्यात, पाचवी ते आठवीची. सकाळी फाटकातून पोरं आत येताना जयभीम, सलाम, रामराम, जय सेवालाल सगळं एका दमात ऐकू येतं. मुख्याध्यापक आप्पासाहेबांना याचा फार अभिमान. दर सव्वीस जानेवारीला ते यावर पाऊण तास बोलतात आणि सगळ्या जातीधर्मांची पोरं उन्हात एकसारखी पेंगतात. मी तिथं गणित शिकवतो. शाळा मात्र चालवतात केसरबाई, खिचडी शिजवणाऱ्या.

केसरबाईंचं माहेर फर्दापूर. लेणी बघायला आलेल्या गोऱ्या पाहुण्यांना त्यांनी लहानपणी बोरं विकली आणि आंबट निघालं म्हणून एकही परत घेतलं नाही. त्यामुळे साहेब हा प्राणी त्यांना नवा नाही. गेली सोळा वर्षं आमचं पातेलं त्यांच्या हातात आहे. वाढताना त्या ताटाकडे बघत नाहीत, तोंडाकडे बघतात. कुणाच्या घरी भांडण झालंय, कुणाची दाढ दुखतेय, हे त्यांना एका पळीत कळतं.

यंदा आप्पासाहेबांनी मुलांच्या मानसिक आरोग्याचं मनावर घेतलं. दारात तक्ता लावला. आल्यावर प्रत्येकानं आपल्या नावापुढं हसरा नाहीतर रडका चेहरा चिकटवायचा. रडके चेहरे दुसऱ्याच दिवशी संपले आणि ते पुन्हा आणायची गरज सरांना वाटली नाही. तेव्हापासून आमची शाळा शंभर टक्के आनंदी आहे.

त्या आनंदी शाळेत आठवीतली विशाखा मागं पडायला लागली. गणितात ती माझ्यापेक्षा हुशार, हे मी घरी सांगत नाही. शाळा सुटल्यावर मी शिष्यवृत्ती परीक्षेचा जादा तास घेतो. त्यात आठ पोरं आणि ही एकटी पोरगी. गणपतीनंतर ती त्या तासाला कपाळ धरून बसायची, सोपी उदाहरणं चुकवायची. एकदा तर चक्कर येऊन बाकावर कलंडली. मी निदान केलं, मोबाईल. आप्पासाहेब म्हणाले, "यादीतून नाव काढा, शाळेचा निकाल बिघडेल." मी मान डोलावली. मास्तरकीत मानेला व्यायाम भरपूर. नाव गेलं असतं तर तिची परीक्षाच गेली असती, आणि आठवीची ही परीक्षा पुन्हा देता येत नाही.

केसरबाईंचं निदान वेगळं होतं. "सर, ती पोरगी पाणीच पीत नाय," त्या मला म्हणाल्या. मी म्हणालो, असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिचडीत दुप्पट तिखट घातलं. वाढण्याआधी चव घेऊन वहीत सही करायचं काम माझं. नेहमीसारखं न चाखताच मी 'चव उत्तम' लिहिलं. पाच मिनिटांत अख्खी शाळा नळावर. विशाखा तेवढी डोळे गाळत जागेवर बसून राहिली. केसरबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"का गं, जीभ जळली तरी उठंना?"

"पाणी प्यायलं की जावं लागतं, मावशी," ती हळूच म्हणाली. "संडासाला कडी नाय. शाळा भरलेली असली की वर्गातली तहरीम दार धरती, मी तिचं धरते. जादा तासाला समदी पोरंच. तवा कोण धरणार? म्हणून सकाळपासूनच पीत नाय."

मी मागंच उभा होतो. मुलींच्या संडासाची कडी गणपतीत तुटली होती, आणि पोरींनी आपापल्या जोड्या लावून घेतल्या होत्या. एक आत, एक दाराला. कोण कुठल्या गल्लीतली, कुणी विचारत नव्हतं, पकड घट्ट असली म्हणजे झालं. आप्पासाहेब ज्या एकीवर पाऊण तास बोलतात ती तिथं होती, आणि आम्हाला पत्ता नव्हता. मला लाज वाटली.

केसरबाई तडक सरांकडे गेल्या. सर म्हणाले, "प्रस्ताव वर पाठवलाय."

"वर म्हंजी कुठं?"

"वर."

केसरबाई बाहेर आल्या. शेगडीसाठी ठेवलेला पेचकस घेतला आणि शाळा सुटल्यावर सरांच्या खोलीलगतच्या, फक्त सरांसाठी असलेल्या संडासाची पितळी कडी खोलून घेतली.

दुसऱ्या दिवशी पालकसभा. साडेदहाला खोलीबाहेर आया-बाप जमलेले आणि लगतच्या संडासातून आप्पासाहेबांचा खोकला. कुणी दार ढकलू नये म्हणून बिचारे मिनिटामिनिटाला खोकत होते. केसरबाई जाऊन दारापाशी उभ्या राहिल्या.

"बसा निवांत, सर. मी धरते दार."

आतला खोकला थांबला.

"त्या विशाखाचं नाव कापताय म्हणं?"

"बाई, नंतर बोलू."

"नंतर मला डाळ टाकायचीय. मग दार कोण धरील?"

मग आतून आलं, "राहू द्या तिचं नाव."

"यादीत का यादीच्या बाहेर?"

"यादीत."

"बरं. अन् तुमची कडी पोरींच्या दाराला लावलीय. तुम्हाला वरून येईलच."

त्या दिवशी जादा तासाला मी फळ्यावर उदाहरण लिहीत होतो. विशाखानं हात वर केला. मला वाटलं, उत्तर आलं.

"सर, पाणी पिऊन येऊ?"

हो म्हणालो. इतक्या महिन्यांत तिनं मला हे एकदाही विचारलं नव्हतं. दिवाळीच्या प्रगतिपुस्तकात तिच्या नावापुढं मी माझ्या हातानं लिहिलं होतं, 'शिस्तप्रिय. तासाला जागेवरून उठत नाही.'