बाहेरचं टेबल

आमचे घरमालक खारघरच्या त्या हॉटेलात एसी सोडून कायम बाहेर बसतात, झाडांच्या वाफ्याला खेटून, घाम पुसत. का, ते मला कळायचं नाही. परवा मलाही घेऊन गेले. वाइनच्या यादीवरून त्यांनी नुसतंच बोट फिरवलं आणि वेटरला विचारलं, "यातली जुनी कोनची?"

वेटरनं बाटली उघडून चाखायला घोटभर ओतली आणि तो थांबला. मालकांनी ग्लास कपाळाला लावला, मग वाइन सावकाश वाफ्यात ओतली.

"सर, आवडली नाही का?"

"ती बापसाची. त्याची भातशेती व्हती हितं. मीच इकली."

वेटर गोंधळला. "मग... हीच चालेल?"

मालक मातीकडे बघत राहिले.

"बापूस काय बोलला नाय. म्हंजे चालंल. भर."