सिस्टरबाईंचं कोहळं

"घ्या जी, वास घ्या!" असं म्हणून बाई मूठभर माती थेट नाकाखाली धरायच्या. समोर कोण आहे, हे बघायचंच नाही. माझ्या किराणा दुकानात गिऱ्हाईक गूळ घ्यायला आलं, तरी आधी त्याला माती हुंगावी लागे. "जंगलावानी वास येते का नाई?" येतो म्हटलं की बाई खूश. नाही म्हटलं, तर सर्दी कधीपासून आहे, याची चौकशी सुरू.

वडनेरच्या दवाखान्यात त्यांनी उभी हयात नर्स म्हणून काढली. निम्म्या गावाची नाळ त्यांच्या हातची. रिटायर झाल्या, तरी गाव त्यांना सिस्टरबाईच म्हणे. नवरा कधीच वारलेला, एकुलता एक मुलगा पुण्याला. त्यांच्या घराच्या आणि माझ्या दुकानाच्या मध्ये तारेचं कुंपण, आणि कुंपणाला लागून त्यांचा तो वाफा.

आमची काळी माती तुम्हाला ठाऊकच आहे. उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात चप्पल ओढून घेणार. बाईंनी तिच्यात नाल्याची रेती मिसळली, शेणखत, पालापाचोळा, कडुनिंबाची पेंड घातली, आणि लोण्यासारखी मऊ केली. त्यात कोहळ्याचा एकच वेल, वेलावर एकच फळ. बाकीची कळीतच खुडायच्या. पुण्याकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात, तेच हे कोहळं. दिवाळीपर्यंत ते एवढं फुगायचं, की उचलायला दोन गडी लागत. इथपर्यंत मला सगळं समजत होतं. पुढचं काही केल्या समजेना.

एवढं कोहळं, आणि ते कोणी फोडायचं नाही! ओट्यावर कुटार, म्हणजे भुसा, पसरून त्यावर ठेवायचं आणि येता-जाता बघायचं. आमच्याकडे अख्खं कोहळं बाईनं फोडू नये, पहिला सुरा गड्याचा, असं मानतात. कोहळं म्हणजे घरचा थोरला लेक, त्यावर आईनं सुरा कसा चालवावा? पण या बाईंनी बाळंतिणींचे अंगारे-धुपारे बंद केलेले. त्यांनी असलं काही मानावं?

"काऊन जी बाई, तुमी कधीपासून मानाले लागल्या?"

"मी नाई मानत."

"मंग फोडा ना."

"माहा लेक फोडीन."

"मी फोडून देतो. मी काय गडी नाई?"

"तुमी तुमच्या घरचं फोडा."

माझी बायको पोट धरून हसली. मी मात्र चिडलो. शेजारधर्म करायला जावं, तर हे ऐकून घ्यायचं!

मग हळूहळू उलगडा झाला. मुलानं त्यांना कायमचं पुण्याला बोलावलं होतं, बाईंनी नाही म्हटलं होतं. तो रागावून गेला, तो फोनवर तब्येत विचारण्यापुरताच उरला. दर दिवाळीला बाई त्याला सांगायच्या, "कोहळं झालं, फोडाले ये." सरळ 'तुझी आठवण येते' म्हणायचं नाही. आता याला माय म्हणावं की हेकट म्हातारी? मला अजून ठरवता आलेलं नाही.

उन्हाळा लागला की कोहळं एका बाजूनं मऊ पडायचं. एका सकाळी मी कुंपणापाशी दात घासत होतो. बाईंनी ते फरफटत वाफ्यात नेलं, खड्ड्यात अख्खंच लोटलं आणि वरून माती ओढली. मी ब्रश तोंडात धरून बघतच राहिलो.

"अवो बाई, आमाले देल्लं असतं, तर भाजी तरी झाली असती!"

"मातीलेही खाले लागते जी," असं म्हणून त्यांनी पदरानं तोंड पुसलं. तो घाम होता का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

गाव विचारी, बाई मातीत टाकता तरी काय? त्या पेंड आणि शेणखत सांगत. खरं मला दिसत होतं. मुलगा येत नव्हता म्हणून माती सुधारत होती, आणि माती सुधारत होती म्हणून कोहळं दरसाल आणखी मोठं होत होतं. चांगलं चाललंय म्हणू की वाईट? डोक्याचा नुसता भुगा.

गेल्या दिवाळीत मुलगा आला. बायको आणि लहान मुलीसकट. बाईंनी त्याच्या हातात सुरा दिला. त्यानं जोर लावला, तर सुरा रुतून बसला, हलेचना. शेवटी त्यानंच कुंपणावरून हाक मारली, "काका, जरा हात लावता का?" मी बाईंकडे पाहिलं. "या ना जी, पाहता काय!" त्या खेकसल्या. कोहळं फुटलं, आणि आत केशरी गर निघाला. त्या दिवशी निम्म्या गावानं कोहळ्याची बोंडं, म्हणजे गुळातली गोड भजी, खाल्ली. माझ्या दुकानातला गूळ संपला.

दिवाळी आटोपली आणि बाई त्यांच्यासोबत निघाल्या, कायमच्या. मुलगा नुसता "चल" म्हणाला, आणि इतकी वर्षं हटून बसलेली ही बाई लुगडी भरायला लागली! गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली.

"भाऊ, या साली मातीले काईच नाई देल्लं. सारं आपणच खाऊन टाकलं. लक्ष ठेवजा तिच्याकडं."

गाडी वळली. मी शेणखताचं टोपलं घेऊन वाफ्यात गेलो, आणि ओतायच्या आधी तिथंच उकिडवा बसून रडलो. मुलगा आला म्हणून रडता की बाई गेल्या म्हणून, असं बायकोनं विचारलं. मी उठलो आणि टोपलं वाफ्यात ओतलं.