मुठा खोऱ्यातला वर्गणीचा टॉवर

रोहिणीचं ‘या ना ताई’ मी किती वर्षं ऐकत होते कोण जाणे. ती पूर्वी आमच्या ऑफिसात हिशेब बघायची. लग्न होऊन मुठा खोऱ्यात गेली आणि तिथे रेंज मिळेल तिथे बसून लॅपटॉपवर तेच काम करत राहिली. पावसाळ्यात तिचा फोन आला, “गावानं वर्गणी काढून इंटरनेटचा टॉवर उभा केलाय, आता तरी या!” माझ्या आळसाला शोभेल अशा वेगानं मी थंडीत निघाले. ‘स्वतःचं इंटरनेट स्वतः आणणारं गाव’ असं माझ्या ब्लॉगच्या पोस्टचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं होतं. निघायच्या आधी रेंज मिळाल्यावर तिचा फोन आला, म्हणाली, “गाडी रिकामी आणा.” मला वाटलं, इंद्रायणी तांदळाचं पोतं देणार असेल.

पुण्यातून निघताना चांदणी चौक सकाळी लवकर ओलांडा, नाहीतर अर्धी सहल तिथेच होते. पेट्रोल पिरंगुटलाच भरा. मिसळ आणि दोन चहा दीडशेच्या आत झाले, मिसळ मात्र पुणेकरांना झेपेल इतपतच तिखट होती. पुढे लवासाचा रस्ता धरला की मुठा गावापर्यंत शेतं आणि बंगले आलटून पालटून लागतात. भाताची खाचरं रिकामी होती, खळ्यांवर पेंढ्याच्या गंजी रचलेल्या. बंगल्यांच्या फाटकांवर ‘स्विमिंग पूल, वायफाय’ अशा पाट्या होत्या. मुठा मागे पडलं की फोनचे दांडे एकेक करून जातात, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या आणि जवळ रोख पैसे ठेवा. सगळ्या बाइका लवासाकडे गेल्या, मी मधेच कच्च्या रस्त्याला वळले. गावाचं नाव लिहीत नाही, ते का ते पुढे कळेल.

रोहिणीचे सासरे आप्पा अंगणातच उभे होते. पाणी पिऊन होईतो त्यांना दम निघेना, लगेच टॉवर दाखवायला टेकाडावर घेऊन गेले.

“चपला हितं काढा,” ते म्हणाले.

मी हसणार होते, पण ते स्वतः काढत होते. टॉवरच्या पायाला हळदकुंकू, वाळलेला हार, आणि शेजारी देणगीदारांची संगमरवरी पाटी. पहिलं नाव आप्पांचं. “लई देखणा झालाय,” मी म्हणाले, आणि खरंच झाला होता.

“देखना हाय. पन बंद हाय,” आप्पा म्हणाले आणि खाली उतरायला लागले.

काय झालं ते रोहिणीनं चुलीपाशी सांगितलं. सरकारी केबल ग्रामपंचायतीच्या खोक्यापर्यंत येऊन बसलेली. कंपन्यांना एवढ्या थोड्या घरांसाठी डोंगर खोदणं परवडत नाही. मग पिरंगुटचा एक नेटवाला म्हणाला, टॉवर तुम्ही उभारा, मी सिग्नल देतो. गावानं देवळाच्या जीर्णोद्धाराला काढतात तशी घरटी वर्गणी काढली. नारळ फुटला, जेवणावळ झाली. पहिले काही महिने नेटवाल्यानं फुकट चालवलं, मग सगळ्या गावाचं मिळून महिन्याचं भाडं मागितलं. एकट्या घराला देणं त्याला परवडत नव्हतं. त्यासाठी मारुतीच्या देवळात मीटिंग बसली.

“आणि तिथे आप्पा उठले,” रोहिणी म्हणाली.

आप्पा ओट्यावर बसून ऐकत होते. “मी म्हनलो, वर्गनी दिली की आमी! आता दर म्हयन्याला परत कशाची? देवळात जायाला तिकीट लावता का? समद्यांनी टाळ्या वाजवल्या.” मग म्हणाले, “मला वाटलं, हीर खनली की पानी आपलंच.”

हे काही याच गावाचं नाही. पाणी योजना बघा, सौरदिवे बघा. उभारायला पैसा मिळतो, कारण त्यावर नाव कोरता येतं. चालवायला कोणी देत नाही. मी हे सगळं तिथे बोलून दाखवणार होते. आप्पांचा चेहरा पाहून चुलीत लाकूड सारलं.

कारण भाडं न दिल्यानं टॉवर बंद पडला होता आणि रोहिणी गाव सोडून जात होती. नवरा पिरंगुटच्या कारखान्यात, तिचं काम मात्र नेटवर, आणि आता ते रोजच्या रोज द्यावं लागायचं. ऑफिसनं दोनदा सांभाळून घेतलं, पुढे नाही म्हणाले. शेवटी हिंजवडीजवळ नेऱ्याला खोली बघितली, मुलीचं नाव तिथल्या शाळेत घातलं. गाडी रिकामी हवी होती ती यासाठी. त्या संध्याकाळची पावट्याची आमटी आणि भाकरी मी आयुष्यात विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी गाद्या, डबे, लॅपटॉप आणि नात गाडीत बसली. आप्पांनी नातीच्या मांडीवर शेंगांची पिशवी ठेवली. “मीटिंग परत बोलावतो,” ते रोहिणीला म्हणाले.

“बोलवा आप्पा,” ती म्हणाली. मुलीच्या नव्या शाळेचं दप्तर तिनं गाडीत ठेवलं.

घोटावड्यावरून माण, हिंजवडी करत आम्ही नेऱ्याला पोचलो. रस्ता बरा आहे, डंपर सांभाळा. खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. रोहिणीनं आधी नेट तपासलं, मग गॅस लावला.

घरी आल्यावर ठरवलेलं शीर्षक पुसलं. पोस्ट लिहिणारच नव्हते. गावाचं हसं व्हायला नको, आणि आप्पांचं तर मुळीच नको. पण परवा त्यांचा फोन आला. मीटिंग झाली होती. स्वतःचं चुकलं असं त्यांनी देवळात उभं राहून सांगितलं, गावानं भाडं कबूल केलं, टॉवर सुरू झाला.

“नेट लई पळतंय बगा,” आप्पा म्हणाले. मग आवाज खाली आला. “ताई, नातीला त्ये तोंड दिसनारा फोन कसा लावत्यात? आमची रोहिनीच लावून द्यायची.”

मी सांगायला लागले. हिरवं चिन्ह दाबा, मग नाव, मग कॅमेऱ्याचं चित्र. ते ‘व्हय, व्हय’ म्हणत राहिले.

“ऱ्हाऊ द्या,” शेवटी म्हणाले. “न्हाई जमायचं मला. तिलाच सांगा, येकदा येऊन दावून जा.”