बिनपट्ट्याचे मास्तर

ज्या माणसानं अर्ध्या पालघरला गाडी चालवायला शिकवलं, तो स्वतः सीटबेल्ट लावत नसे. दुसऱ्यानं लावलेलाही त्याला खपत नसे. केळव्याला थोडी भातशेती आणि पालघरला एका गाडीची ड्रायव्हिंग स्कूल, एवढा त्यांचा संसार. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांची आठवण आली की मी आधी कपाळावर हात मारून घेते आणि मग डोळे पुसते. क्रम कधी बदलत नाही.

पुढच्या सीटवर पट्टा लावण्याची सक्ती झाली, त्या सुमाराला मी त्यांच्याकडे शिकायला गेले. नव्या गाडीला पट्टे होते. कायदा मास्तरांना पाठ होता, परीक्षेसाठी ते तो आमच्याकडून घोकूनही घेत. पहिल्या दिवशी मी बसल्याबरोबर पट्टा ओढला, तर त्यांनी वाढलेल्या ताटाचा मी वास घेऊन बघितला असावा, तसे ते माझ्याकडे बघत राहिले.

"पोरी, पट्टा कशाला? माझ्यावर भरवसा नाय?"

मी म्हटलं, कायदा आहे. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की कायदा अनोळखी माणसांसाठी असतो. आपल्या माणसाशेजारी बसून स्वतःला बांधून घेणं म्हणजे त्याला तोंडावर नालायक म्हणणं. मी पट्टा सोडला.

पोलीस दिसले की मात्र मास्तर हलक्या आवाजात सांगत, "घे अंगावर." मग पट्टा उपरण्यासारखा खांद्यावरून आडवा टाकायचा, खटका लावायचा नाही, आणि पोलीस मागे पडले की सोडून द्यायचा. बोईसरच्या नाक्यावर आम्ही दोघं असे उपरणं घेतलेल्या यजमानांसारखे बसून जायचो. खटका लावायला तेवढेच कष्ट पडले असते, हे मी कितीदा सांगितलं असेल. भिंतीला सांगितलं असतं तर निदान भिंतीनं मान तरी हलवली नसती. मास्तर मान हलवायचे आणि पट्टा मागे सारायचे.

वाणगावच्या रस्त्यावर एकदा एका शिकाऊ मुलानं म्हैस बघून इतका जोरात ब्रेक मारला, की मास्तरांचं कपाळ समोरच्या काचेवर आपटलं. चांगलं लिंबाएवढं टेंगूळ आलं. मुलगा रडकुंडीला आला, तर मास्तर त्याला म्हणाले, ब्रेक बरा लागला तुझा. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले तर त्यांच्या बायको, आमच्या काकू, त्यांच्या कपाळावर हळद थापत होत्या आणि मला सांगत होत्या, "हा मानूस एक दिवस काचेतून भायेर जाईल, नि वर बोलेल, पोरानं ब्रेक चांगला मारला." मास्तर हसत होते. मला मात्र त्या दिवशी हसू आलं नाही.

वैताग असा, की त्यांना सरळ वेडा म्हणून सोडूनही देता येत नव्हतं. माझ्या हातात स्टीअरिंग आलं की माझा नवरा दारावरची कडी दोन्ही हातांनी धरायचा. सासूबाई देवाचं नाव घ्यायच्या. आणि हे गृहस्थ तारापूरच्या रस्त्यावर समोरून टँकर येत असताना माझ्या शेजारी शेंगा सोलत बसायचे, माझ्याकडे न बघता. त्या शेंगांमुळे मी गाडी शिकले. इतका भरवसा माझ्यावर तोवर कुणी टाकला नव्हता, माझ्या वडिलांनीसुद्धा नाही.

काकू गेल्या आणि मास्तर खचले. गुडघे कामातून गेले, गाडी विकली. नाशिकची लेक त्यांना कायमचं न्यायला आली, तेव्हा मीच म्हटलं, मी सोडते. लेक सामानासह मागे बसली, मास्तर माझ्या शेजारी. पुढे जव्हारचा घाट होता, अंगावर येणारे ट्रक होते, आणि या वयात त्यांचं कपाळ पुन्हा काचेवर आपटलं असतं तर ते उठले नसते. मनोरला मी गाडी बाजूला घेतली आणि सांगितलं, पट्टा लावल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

मास्तरांनी पट्ट्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी पट्टा लावला म्हंजे तुला गाडी येत नाय, असं झालं. मीच शिकवलंय तुला. मी असं कसं बोलू?"

"मला गाडी येते, मास्तर. तुमच्यामुळे येते," मी म्हटलं. "पण समोरच्या ट्रकवाल्याला तुम्ही शिकवलेलं नाही."

त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं. "मग तूच लाव. माझ्या हातानं नाय व्हायचं."

मी वाकून पट्टा ओढला आणि खटका लावला. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. जव्हार गेलं, मोखाडा गेला, तोंड खिडकीकडेच. लेकीच्या दारात उतरताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तेवढंच. पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

आता माझ्या गाडीत पट्टा लावल्याशिवाय किल्ली फिरत नाही. नवऱ्याला मी रोज सांगते, मुलीच्या कानीकपाळी ओरडते. परवा मुलगी शेजारी बसली आणि मी सांगायच्या आत तिनं आपणहून पट्टा लावला. किती शहाणी झाली, म्हणायला हवं होतं. माझ्या मनात मात्र आलं, हिचा माझ्यावर भरवसा नाही की काय? आणि मला मास्तरांचा इतका राग आला, की मी गाडी सुरू करायची विसरून तशीच बसून राहिले.